मॉडेल कारचं किट जुळवताना: ठाणे-नवी मुंबईकरांचे नेहमीचे प्रश्न

मी पाचपाखाडीत राहतो. खिडकीपाशी अडीच फुटांचं टेबल आहे, त्यावर गेली पंधरा वर्षं गाड्या जुळवतोय. लिफ्टमध्ये, लग्नात, वाशी लोकलमध्ये तेच ते प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. जपानी किटच्या माहितीपत्रकात जे नसतं, म्हणजे आपली हवा, आपले फ्लॅट आणि आपली हार्डवेअरची दुकानं, त्यावर जास्त लिहिलंय.

हे म्हणजे हॉट व्हील्सच ना?

नाही. हॉट व्हील्स, मॅचबॉक्स, माइस्टो, बुरागो या तयार गाड्या. त्यांना डाय-कास्ट म्हणतात; जस्ताचा मिश्रधातू साच्यात दाबून केलेल्या. खोका उघडला की गाडी हातात. किटच्या खोक्यात गाडी नसतेच. पॉलिस्टायरीन प्लास्टिकच्या चौकटी असतात आणि फांदीला कैऱ्या लटकाव्यात तसे तिला सुटे भाग लटकलेले असतात. या चौकटीला स्प्रू म्हणायचं. शिवाय काचांची पारदर्शक चौकट, मऊ टायर, डेकलचा (पाण्यात भिजवून गाडीवर बसवायच्या छापील पट्ट्या-अक्षरांचा) कागद आणि चित्रांची पुस्तिका. कापा, घासा, रंगवा, चिकटवा. एका गाडीला मला तीस-चाळीस तास लागतात, आणि त्यातला निम्मा वेळ काही वाळायची वाट बघण्यात जातो.

स्केल कोणता घ्यावा?

१/२४. खऱ्या गाडीचे २४ मिलीमीटर म्हणजे मॉडेलचा १ मिलीमीटर. अँबॅसडर सुमारे ४.३ मीटरची, म्हणजे मॉडेल १८ सेंटीमीटर. मारुती ८०० झाली तर जेमतेम १४. वन बीएचकेतल्या कपाटाच्या एका खणात अशा आठ-दहा गाड्या आरामात उभ्या राहतात.

२४ हा आकडा आला फूट-इंचातून, एका फुटाला अर्धा इंच. अमेरिकन किट बरेचदा १/२५ असतात. शेजारी ठेवली तरी तो फरक पाहुण्यांच्या लक्षात येत नाही. १/४३ हे माप खेळण्यातल्या ओ गेज रेल्वेकडून आलंय, फॉर्म्युला वनची किट १/२० मध्ये जास्त मिळतात, आणि १/१८ ही मुख्यतः डाय-कास्टवाल्यांची दुनिया. सुरुवातीला एकाच स्केलला चिकटून राहा. नाहीतर कपाटात जीप ट्रकपेक्षा मोठी दिसायला लागते.

पहिलं किट कोणतं?

तामियाचं. यात मला वाद घालायचा नाही. माझदा एमएक्स-५ किंवा जुनी फोक्सवॅगन बीटल घ्या. इंजिन नसलेली, बॉनेट बंद असलेली किट पहिल्या खेपेला बरी. त्यांना कर्बसाइड म्हणतात. गाडी रस्त्याकडेला उभी आहे आणि आपण फुटपाथवरून बघतोय, एवढंच त्यात दाखवलेलं असतं.

तामिया, आओशिमा, फुजिमी आणि हासेगावा या चारही कंपन्या जपानच्या शिझुओका भागातल्या. पूर्वीपासून लाकूडकामासाठी प्रसिद्ध असलेला मुलूख तो. तामियाचीही सुरुवात १९४६ मध्ये लाकडाच्या धंद्यातच झाली, पहिलं प्लास्टिक किट आलं १९६० मध्ये. १९७६ सालच्या १/१२ पोर्शे ९३४ साठी त्यांनी खरीखुरी पोर्शे ९११ विकत घेऊन सुटी केली होती. भाग एकमेकांत गपकन बसतात ते अशा वेडापायी. फुजिमीची गाडी दिसायला झकास असते, पण दोन-तीन ठिकाणी कानशीने समजूत घालावी लागते. ते सुख तिसऱ्या किटसाठी राखून ठेवा.

आणि किटचं प्लास्टिक ज्या रंगाचं, पहिल्यांदा त्याच रंगाचा स्प्रे आणा. लाल प्लास्टिकवर पांढरा मारलात तर आतला लाल वर फुटतो आणि गाडी गुलाबी होते. स्वस्त पांढऱ्या बनियनबरोबर लाल रुमाल धुतल्यासारखी.

खर्च किती येतो?

किट साधारण अडीच ते साडेचार हजार. हत्यारं एकदाच घ्यायची: निपर (भाग कापायची बारीक पक्कड), हॉबी नाइफ, प्लास्टिक जोडायचं पातळ सिमेंट, मास्किंग टेप, चिमटा. यातलं एकच भारीतलं घ्यायचं असेल तर निपर. बोथट निपरने भाग कापला जात नाही, चावला जातो, आणि तिथे पांढरा डाग उरतो. चांगल्या निपरनेही एका फटक्यात भागाला लागून कापू नका. आधी लांबून कापा, मग उरलेला खुंट अलगद काढा.

घासायचा कागद हार्डवेअरवाल्याकडून आणा. तिथे त्याला पॉलिश पेपर म्हणतात, पाणी लावून घासायचा काळा. चारशे, हजार आणि दोन हजार नंबर पुरेत. जांभळी नाक्याच्या एका दुकानदाराने मला विचारलं होतं, "किती दरवाजे पॉलिश करायचेत?" मी म्हटलं, "दोनच. चार-चार सेंटीमीटरचे." त्याने कागद दिला, पण पैसे परत देताना नीट निरखून बघितलं.

एक मात्र तिथून आणू नका: थिनर. फर्निचरच्या रंगाचा थिनर पॉलिस्टायरीन विरघळवतो. मॉडेलच्या रंगाला त्याच कंपनीचा थिनर.

परदेशातून थेट मागवलं तर स्वस्त पडेल ना?

किंमत स्वस्त दिसते, हिशेब तसा लागत नाही. खेळण्यांवरची मूळ कस्टम ड्युटी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेली आणि २०२३ मध्ये ७० वर. स्केल मॉडेल त्याच शीर्षकाखाली धरली जातात. दर बदलत असतात, तेव्हा ऑर्डरीच्या दिवशीचा दर बघा आणि किंमत, पोस्टेज, कर अशी तिन्हींची बेरीज करूनच बटण दाबा. स्प्रेचे डबे विमानाने येतच नाहीत, ज्वालाग्राही म्हणून. रंग इथेच घ्यायचा.

माझं एक पार्सल असं आलं की त्यावर कोणीतरी बसून डबा खाल्ला असावा. विंडशील्डला आरपार तडा. तेव्हापासून खोका घेताना, उघडताना आणि आतलं काढताना फोनवर चित्रण करतो.

पावसाळ्यात रंगवता येतं का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात जास्त गाड्या इथेच वाया जातात.

मी शिकलो ते एका जुलैत. काळी बॉडी, प्रायमर (रंगाखालचं अस्तर) गुळगुळीत, बाहेर झिमझिम. म्हटलं दोन हात मारून टाकू. पहिला हात मारल्यावर आरशासारखी चमक होती. चहा ठेवून आलो तर टपावर आणि बॉनेटवर काळ्या द्राक्षावर असते तशी पांढुरकी झाक. पुसून जाईना. मला वाटलं रंग खराब निघाला. डबा परत करायला निघालोही होतो.

डब्याचा दोष नव्हता. लॅकर स्प्रेमधलं द्रावण झपाट्याने उडतं आणि उडताना पृष्ठभाग थंड करतं. हातावर स्पिरिट लावल्यावर गार वाटतं तसं. हवेत बाष्प भरलेलं असलं की त्या गार रंगावर सूक्ष्म दव धरतं आणि ते ओल्या रंगातच अडकतं. याला ब्लशिंग म्हणतात. झाक हलकी असेल तर कोरड्या दिवशी वरून पातळसा क्लिअर (बिनरंगी पारदर्शक थर) मारल्यावर कधीकधी जाते. माझी गेली नाही. हजार नंबरने घासून प्रायमरपर्यंत परत यावं लागलं.

एसी लावून मारू का, हा पुढचा प्रश्न येतोच. एसी खोली कोरडी करतो हे खरं, पण खोलीत स्प्रे मारायचा नसतो, आणि गार झालेली बॉडी एसीतून बाल्कनीत नेली की एसी गाडीतून उतरल्यावर चष्म्यावर वाफ धरते तशी तिच्यावर ओल धरते. म्हणजे आगीतून फुफाट्यात. बॉडी बाल्कनीच्याच तापमानाला येऊ द्या. वाळायला मात्र एसीच्या खोलीत, झाकण असलेल्या डब्यात ठेवा.

चार-पाचशे रुपयांचं आर्द्रता दाखवणारं घड्याळ टेबलावर ठेवा. आकडा ६५ च्या वर असेल तर मी डब्याला हात लावत नाही. जुलैत तो नव्वदीत असतो. म्हणून माझं वर्ष असं चालतं: जून ते सप्टेंबर कापणं, घासणं, चॅसी (गाडीचा खालचा सांगाडा) आणि सीट जुळवणं, डॅशबोर्ड ब्रशने रंगवणं. पाण्यावरचे ॲक्रिलिक ब्रशने लावायला पावसाळा आडवा येत नाही, फक्त वाळायला वेळ घेतात. गणपतीत काहीच नाही. बॉडीचा रंग दिवाळीनंतर. डिसेंबर ते फेब्रुवारी हे आपले सोन्याचे दिवस. फक्त तेव्हा धूळ उडते, आणि घोडबंदर रोडला राहत असाल तर जरा जास्तच. सकाळी लवकर, फरशी ओल्या फडक्याने पुसून मारा. पहाटेचं दव ओसरलं की मगच.

नवी मुंबईत खाडीलगत, सीवूड्स-नेरुळकडे राहणारे मित्र म्हणतात की त्यांच्याकडे हिवाळ्यातही संध्याकाळी आकडा चढतो. ते दुपारी रंगवतात.

स्प्रेचा डबा की एअरब्रश?

पहिल्या तीन गाड्या डब्याने. तामियाचे टीएस मालिकेतले डबे स्टायरीनसाठी असतात. पीएस मालिका रिमोटच्या गाड्यांच्या पॉलिकार्बोनेट बॉडीसाठी, ती चुकून आणू नका. डबा कोमट पाण्यात पाच मिनिटं उभा करा म्हणजे फवारा बारीक होतो. कोमट, उकळतं नाही, आणि गॅसवर तर स्वप्नातही नाही. बॉडी रिकाम्या पाण्याच्या बाटलीवर दुहेरी टेपने बसवा. एक वीतभर लांबून, फवारा गाडीच्या बाहेर सुरू करून पलीकडे बाहेर संपवा. पहिला हात इतका पातळ की खालचं प्रायमर दिसलंच पाहिजे. घाई केली की रंग दाराच्या कडेला ओघळतो.

सराव वाढदिवसाच्या पार्टीतल्या प्लास्टिकच्या चमच्यांवर करा. चमच्याच्या पाठीला बॉनेटसारखाच उतार असतो.

एअरब्रश म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेनासारखं हत्यार, त्याला कंप्रेसर आला. ०.३ मिलीमीटर नोझल, १५ ते २० पीएसआय दाब. रंग वाचतो, हवा तो रंग मिसळता येतो. सफाईचा कंटाळा असेल तर घेऊ नका.

फ्लॅटमध्ये वास, शेजारी, लहान मुलं… कसं जमवायचं?

ड्राय बाल्कनीत मोठा पुठ्ठ्याचा खोका आडवा ठेवा आणि त्यात फवारा मारा. खोक्याशिवाय मारलेला रंग वाऱ्यावर किती लांब जातो ते मला खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या चादरीने शिकवलं. दोन वर्षं झाली, अजून त्या मला "पेंटर" म्हणतात.

मास्क सेंद्रिय वाफांच्या फिल्टरचा हवा. एन-९५ कण अडवतो, वाफ अडवत नाही.

आणि ज्योत. डब्यातला वायू आणि द्रावण दोन्ही पेट घेतात. गॅसची शेगडी, गॅस गिझर हे लोकांना आठवतं. देवघरातली समई आठवत नाही. संध्याकाळी दिवा लागायच्या आत फवारणी संपवायची, हा आमच्या घरचा नियम आहे आणि तो आईने केलाय.

गोंद कोणता?

पातळ सिमेंट, बाटलीच्या झाकणालाच ब्रश असलेलं. खरं तर तो गोंदच नाही, ते प्लास्टिक विरघळवून दोन भागांचा सांधा करतं. दोन भाग आधी एकत्र धरा, फटीला ब्रशचं टोक टेकवा, द्रव आपोआप आत ओढला जातो. बोट फटीवर असेल तर तो बोटाखालीही जातो आणि तुमचा ठसा गाडीवर कायमचा उमटतो. रंगवलेल्या जागी सिमेंट धरत नाही. सांध्यावरचा रंग खरवडा.

विंडशील्ड चिकटवली आणि ती धुरकट झाली. काय चुकलं?

सुपरग्लू वापरलात. त्याची वाफ काचेवर पांढरी बसते. काचेला फेविकॉलसारखा पांढरा गोंद. तो वाळल्यावर पारदर्शक होतो आणि चुकलं तर ओल्या कापसाने निघतो. धुरकट झालेली काच दोन हजार नंबरने पाण्यात घासून आणि मग पॉलिशिंग कंपाउंडने चोळून बरीचशी परत येते. मेहनत आहे.

डेकल सुरकुततात, फाटतात.

कोमट पाण्यात दहा-पंधरा सेकंद, मग बाहेर काढून ओल्या कागदावर मिनिटभर ठेवा. स्वतःहून सरकायला लागलं की मगच उचला, ओढू नका. वळणावर बसत नसेल तर डेकल मऊ करणारं द्रावण लावा. लावल्यावर ते आधी भयंकर सुरकुततं. हात लावू नका! वाळताना आपोआप ताणून बसतं. जुन्या किटचं डेकल पिवळं पडलं असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिडकीच्या काचेला आतून चिकटवा. काही दिवसांच्या उन्हाने पिवळेपणा उतरतो. वरून क्लिअर मारताना पहिला हात अगदी धुक्यासारखा, नाहीतर डेकल चुरगळतं.

खऱ्या गाडीसारखी चमक कशी येते?

क्लिअरचे तीन-चार हात, आठवडाभर थांबणं, दोन हजार नंबरने पाण्यात घासणं आणि मग कंपाउंड. वाळलं की नाही ते नाकाने ओळखायचं: वास येतोय तोवर वाळलेलं नाही. कडा आणि उंचवटे जपा, तिथला रंग सगळ्यात आधी उडतो.

पद्मिनी, अँबॅसडर, मारुती ८०० यांची किट मिळतात का?

मोठ्या कंपन्यांची १/२४ प्लास्टिक किट माझ्या पाहण्यात नाहीत. मागे ओढून सोडायची अँबॅसडर आणि रिक्षा आपल्याकडे खेळणं म्हणून मिळतात. ती खोलून, रंगवून बरीच सुधारता येतात, मी दोन केल्यात.

जिप्सीची गोष्ट वेगळी. हासेगावाने सुझुकी जिम्नीची जुनी जेए११ पिढी १/२४ मध्ये काढली आहे, आणि आपली जिप्सी तिचीच लांब बहीण. जिम्नीच्या चाकांमधलं अंतर २०३० मिलीमीटर, जिप्सीचं २३७५. फरक ३४५, म्हणजे मॉडेलवर १४ मिलीमीटर. चॅसी मधोमध कापायची, प्लास्टिकच्या पट्ट्यांनी १४ मिलीमीटरचं ठिगळ लावायचं, बॉडी दाराच्या मागे तेवढीच वाढवायची. माझी अर्धी झालीय. उजवी बाजू १४ भरते, डावी साडेतेरा. लष्करी हिरवा आणि वर चिखल मारणार आहे, म्हणजे कोणी मोजणार नाही.

पद्मिनीसाठी मी थ्रीडी प्रिंटची बॉडी करून घेतली. छपाईचे थर टपावर शेताच्या सऱ्यांसारखे दिसतात. प्रायमर मारा, घासा, पुन्हा प्रायमर, असं पाच वेळा केलं. काळी-पिवळी करताना आधी टप पिवळा, मग तो टेपने झाकून खाली काळा. उलट केलंत तर पिवळ्याखालून काळा डोकावतो. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून गेली. त्यामुळे आता बघून करायला गाडी समोर नाही, जुने फोटो शोधायचे. मला सगळ्यात जास्त वेळ लागला तो बाहेर डाव्या बाजूला लटकणाऱ्या मेकॅनिकल मीटरला. तीन मिलीमीटरचा चौकोनी तुकडा, त्याला पत्र्याचा झेंडा. झेंडा वर ठेवलाय. गाडी रिकामी आहे.

नंबरप्लेट स्वतःची करता येते?

येते. गाडीची लांब प्लेट ५०० बाय १२० मिलीमीटर, म्हणजे मॉडेलवर २०.८ बाय ५. कॉम्प्युटरवर करून फोटो पेपरवर छापा, मागून घासून पातळ करा, कडा काळ्या पेनने रंगवा. ठाण्याचा एमएच-०४, नवी मुंबईचा एमएच-४३. टॅक्सीला पिवळ्यावर काळी अक्षरं. कोणाच्या चालू गाडीचा नंबर टाकू नका, एवढंच.

रंग बिघडला तर बॉडी फेकायची?

छे. आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये रात्रभर बुडवा, सकाळी जुन्या टूथब्रशने घासा. ॲक्रिलिक लगेच निघतो, लॅकर हट्टी असतो. नंतर भांड्याच्या साबणाने धुवा. नव्या किटची बॉडीही रंगवण्याआधी अशीच धुवायची, साच्याचं तेल असतं.

मुलांना कितव्या वर्षी द्यावं?

चाकू हातात द्यायची तुमची तयारी होईल तेव्हा. तोवर आओशिमाची १/३२ स्नॅप किट आहेत, गोंद-रंग काही लागत नाही, नुसती दाबून बसतात. आमच्या भाच्याने जिम्नी एका दुपारी संपवली आणि संध्याकाळी ती तलावपाळीला फिरवून आणली.

न उघडलेली किट गुंतवणूक म्हणून ठेवू का?

एफडी करा. दुर्मिळ म्हणून चढ्या भावाने घेतलेलं किट कंपनीने पुन्हा काढलं की भाव उतरतो. शिवाय पडून राहिलेल्या किटमध्ये डेकल पिवळी पडतात, आणि टायरमधला प्लास्टिक मऊ करणारा पदार्थ हळूहळू बाहेर येऊन शेजारच्या भागांना खातो. टायरच्या आकाराचा खड्डा पडलेली विंडशील्ड मी पाहिली आहे. ठेवायचीच असतील तर टायर वेगळ्या पिशवीत, खोका माळ्यावर नको, भिंतीला लागून नको. माझ्याकडे स्वतःची एकवीस न उघडलेली आहेत, तेव्हा या प्रश्नावर माझं किती ऐकायचं ते तुम्ही ठरवा.

तयार गाड्यांवर धूळ बसते.

काचेचं दार असलेलं कपाट, उन्हापासून लांब. झटकायला मेकअपचा मऊ ब्रश. फडकं नाही, आरसे तुटतात.

बारीक भाग निपरमधून उडाला, सापडत नाही.

हलू नका. दिवे मालवून मोबाइलचा टॉर्च फरशीला टेकवून आडवा फिरवा, सावली लांब पडते. शर्टाच्या घड्या, बाह्या, चपला तपासा. घरी झाडू मारायला येणाऱ्या मावशींना आधीच सांगून ठेवा. पुढच्या वेळी भाग कापताना हात पारदर्शक पिशवीत घालून कापा. नाहीच सापडला तर जोडीचा दुसरा भाग बघून एम-सीलचा घडवता येतो. माझ्या बीटलचा डावा आरसा आठ महिन्यांनी, दिवाळीच्या साफसफाईत, बाबांच्या पेटीच्या भात्यात सापडला. तोवर गाडीला एम-सीलचा बसला होता. तोच राहू दिला.